क्रूझ मुंबईहून सुटते हो, पण मुंबईत नेमकी कुठून?

दिवाळी उरकली की आमच्याकडे नातेवाईकांचे फोन सुरू होतात, नागपूर, कोल्हापूर, नाशिक, सगळीकडून, आणि प्रश्न एकच, ताई क्रूझ बुक केलीय, सकाळचं फ्लाइट घेतलं तर दुपारपर्यंत बोटीवर पोचू ना? माझं ऑफिस बॅलार्ड इस्टेटमध्ये, त्यामुळे सगळ्यांना वाटतं मी बंदरातच बसते. बसत नाही, पण येता जाता जे दिसतं त्यावरून सांगते, लोक बाल्कनीची केबिन घ्यायची की साधी, जैन जेवण मिळेल का, फॉर्मल नाइटला काय घालायचं यावर महिनाभर डोकं चालवतात आणि बंदरापर्यंत जायचं कसं याचा विचार टॅक्सीत बसल्यावर करतात.

आधी जागा नीट समजून घ्या. मोठ्या क्रूझ बॅलार्ड पिअरला लागतात, फोर्टच्या पूर्वेला, इंदिरा डॉकचं ग्रीन गेट. नवीन इंटरनॅशनल क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झालं ते पण इथेच. गेटवे ऑफ इंडिया नाही, तिथून एलिफंटाच्या लाँच सुटतात. आणि भाऊचा धक्का तर अजिबात नाही! हा घोळ फार होतो, कारण आपल्याकडच्या म्हाताऱ्या मंडळींच्या डोक्यात बोट म्हणजे कोकणची बोट आणि ती म्हणजे भाऊचा धक्का, त्यात आता मांडव्याची रो-रो बोट पण तिथूनच सुटते, मग टॅक्सीवाल्याला नुसतं "बोट पकडायचीय" म्हटलं की तो बिचारा सरळ माझगावला नेऊन सोडतो. "बॅलार्ड पिअर, ग्रीन गेट" असं स्पष्ट सांगायचं, आणि बुकिंगच्या कागदावर गेटचं नाव असतं ते आदल्या दिवशी परत एकदा बघायचं.

आता एअरपोर्ट. टी-टू टर्मिनलपासून इथपर्यंत साधारण पंचवीस किलोमीटर. रविवारी सकाळी पाऊण तासात याल, सोमवारी सकाळी नऊला निघालात तर दीड तास धरा आणि वर थोडी देवाची कृपा. ड्रायव्हर हल्ली सगळे कोस्टल रोडने आणायला बघतात कारण तो मोकळा असतो, पण तो तुम्हाला मरीन ड्राइव्हला आणून सोडतो, म्हणजे पश्चिमेला, आणि बंदर पूर्वेला, मग मधला चर्चगेट, फोर्ट सगळा आडवा कापायचा. डॉककडे यायला ईस्टर्न फ्रीवे बरा, तो खाली पी डिमेलो रोडला उतरतो आणि तिथून सरळ पुढे. फक्त उतरायच्या तोंडाशी ऑरेंज गेटजवळ मरीन ड्राइव्हच्या बोगद्याचं काम चाललंय, तिथे पंधरा-वीस मिनिटं गेली तर ड्रायव्हरवर ओरडू नका.

सामान कमी असेल तर मेट्रो घ्या, खरंच. तीन नंबरची, अ‍ॅक्वा लाइन, ऑक्टोबर २०२५ पासून पार कफ परेडपर्यंत चालू झालीय, टी-वन आणि टी-टू दोन्हीकडे स्टेशन आहे, सीएसएमटीला उतरायचं. अख्ख्या लाइनचं भाडं सत्तर रुपये, म्हणजे तुमचं त्याहून जास्त होणारच नाही. ट्रॅफिक नाही, एसी आहे, लिफ्ट आहे. तिकीट मात्र वरतीच काढून ठेवा, खाली भुयारात माझा फोन बरेचदा मान टाकतो. पण चार जण आणि पाच मोठ्या बॅगा असं लटांबर असेल तर ऑफिसच्या वेळेत हा उद्योग करू नये.

आणि मेट्रोने या नाहीतर रेल्वेने या, खरी गंमत सीएसएमटीच्या पुढे आहे. तिथून गेट दीड-दोन किलोमीटर. रिक्षा दक्षिण मुंबईत नाहीत हे बाहेरगावच्या लोकांना ऐन वेळी आठवतं. काळीपिवळी टॅक्सीचं कमीत कमी भाडं फेब्रुवारी २०२५ पासून ३१ रुपये, तेवढ्या भाड्यासाठी तासभर रांगेत लावलेला नंबर सोडून तुमच्या चार बॅगा डिकीत भरायला कोण येणार? चौघं नाही म्हणतात, पाचवा शंभर मागतो. द्या. गेल्या हिवाळ्यात एक कुटुंब बघितलं, शंभर रुपये वाचवायला पी डिमेलो रोडने चालत निघालेलं, फुटपाथचे पेव्हर ब्लॉक उखडलेले, आजोबांच्या बॅगेचं चाक त्यात अडकून निखळलं, बाजूने कंटेनरचे ट्रेलर धडाधड चाललेत आणि आजी पदराने धूळ झाडत म्हणतायत "मी सांगत होते". मी त्यांच्यासाठी अ‍ॅपवरून गाडी बोलावली, तीन जणांनी कॅन्सल केली, चौथा आला.

बाहेरगावहून रेल्वेने येत असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. सीएसएमटीच्या समोरच्या दाराने बाहेर पडू नका, तिथून फोटो छान येतो पण सिग्नल, गर्दी आणि उलटा वळसा. लांब पल्ल्याच्या गाड्या ज्या बाजूला लागतात तिथे अठरा नंबर प्लॅटफॉर्मकडून पी डिमेलो रोडला बाहेर पडता येतं, टॅक्सी तिकडेच बोलवा.

माझं स्पष्ट मत, विमानाने त्याच दिवशी येऊच नका. बोट पाचला सुटणार म्हणून चारला गेटवर जायचं नसतं, चेक-इन बरंच आधी बंद होतं, बॅगा स्कॅनिंगला द्यायच्या, ओळखपत्रं, परदेशात जाणारी असेल तर इमिग्रेशन, आणि विमान दोन तास लेट झालं तर बोट थांबत नाही. कोल्हापूरकरांनी महालक्ष्मी, नागपूरकरांनी विदर्भ, रात्रभर झोपून सकाळी थेट सीएसएमटी. नाशिकहून पंचवटी आहे. पुणेकरांना तर डेक्कन क्वीन साडेदहाच्या आत आणून सोडते, अजून काय पाहिजे. शिवनेरी बसने यायचं असेल तर ती बहुतेक वेळा दादरलाच सोडते हे माहीत असू द्या. सीएसएमटीला क्लोक रूम आहे, बॅगेला कुलूप लावलेलं लागतं, तिथे सामान टाका, समोर ‘आराम’ नावाच्या हॉटेलात वडापाव खा, निवांत बारा-एकला गेटकडे सरका. आणि विमानाशिवाय गत्यंतरच नसेल तर आदल्या संध्याकाळी या, पण हॉटेल अंधेरीत घेऊ नका हो! लोक एअरपोर्टजवळ स्वस्त म्हणून तिथे राहतात आणि सगळा प्रवास दुसऱ्या दिवशी सकाळच्या गर्दीत ढकलतात. फोर्टात किंवा कुलाब्यात राहा, रात्री रस्ते रिकामे असताना पोचून जा.

नवी मुंबई विमानतळावर उतरणारे पण आता असतील, डिसेंबर २०२५ पासून तिथून विमानं सुरू झालीयत. तिकीट काढताना कुठला एअरपोर्ट ते बघा. उलव्याहून अटल सेतूने शिवडी आणि तिथून फ्रीवे, रस्ता सुंदर, टोल मात्र आहे.

मला दर वेळी राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. शंभर वर्षांपूर्वी आगगाडी थेट बॅलार्ड पिअरच्या मोल स्टेशनात यायची, विलायतेची बोट लागली की साहेब लोक उतरून तिथेच गाडीत बसायचे. पंजाब मेल १९१२ मध्ये तिथूनच सुरू झाली, पेशावरपर्यंत, १९१४ पासून ती व्हीटीहून, म्हणजे आताच्या सीएसएमटीहून, सुटायला लागली. म्हणजे पेशावरला जाणाऱ्याला बोटीच्या जिन्यावरून उतरलं की आगगाडी, आणि आज आपल्या नाशिकच्या काकांना दीड किलोमीटरसाठी पाच टॅक्सीवाल्यांच्या हातापाया पडायचं. सीएसएमटीच्या अठरा नंबरहून क्रूझच्या दिवशी दोन मिनी बस सोडायला काय लागतं? बेस्टकडे बसच कमी झाल्यात ते माहितीये, पण क्रूझचं वेळापत्रक महिनोन् महिने आधी ठरलेलं असतं ना.

गोव्याला एकेरी जाणाऱ्यांसाठी एवढंच की तिथली बोट मुरगाव बंदरात लागते, वास्कोला. दाबोळी विमानतळ अगदी जवळ. मोपाचा विमानतळ पार पेडण्यात, गोव्याचं दुसरं टोक, साठेक किलोमीटर. परतीची कोकण रेल्वेची गाडी असेल तर ती मडगावला, वास्कोला नाही. मोपाचं तिकीट हजार रुपयांनी स्वस्त दिसलं की आधी वास्कोहून तिथपर्यंतचा टॅक्सीचा रेट विचारा, मग मला फोन करा.