एल किती घेतलेस?

कृष्णद्रव्याचे, म्हणजे विश्वातल्या न दिसणाऱ्या द्रव्याचे कण कुठल्या वेगाला एकमेकांवर किती आदळतात, त्याचा आलेख अगदी हवा तसा आला होता. तिथेच शंका यायला हवी होती. पण रात्रभर जागल्यावर शंका कोण घेतो?

आमचं मॉडेल साधंच. कृष्णद्रव्याचा ३० जीईव्ही वस्तुमानाचा कण, बल वाहून नेणारा त्याच्या दहा हजारांश, ३ एमईव्हीचा हलका मीडिएटर, आणि युकावा विभव, म्हणजे अंतराबरोबर झपाट्याने विरणारं बल. बटू दीर्घिकांत कणांचा वेग सेकंदाला ३० किमीच्या आसपास. टकरी धरल्या नाहीत तर गणितात तिथल्या गाभ्यात प्रत्यक्षापेक्षा जास्त गर्दी निघते. म्हणून तिथे टकरी भरपूर हव्यात, म्हणजे ती गर्दी सैल होते. स्परगेल आणि स्टाइनहार्ट यांनी २००० साली ही कल्पना पुढे आणली ती याच अडचणीपायी. दीर्घिकासमूहांत वेग हजार किमी. तिथे बुलेट क्लस्टरची, म्हणजे एकमेकांतून आरपार गेलेल्या दोन दीर्घिकासमूहांची मर्यादा आडवी येते: टकरीचं क्षेत्रफळ दर ग्रॅममागे साधारण १ चौरस सेंटिमीटर, त्याहून जास्त नको. माझा वक्र डावीकडे, कमी वेगाला उंच, उजवीकडे, जास्त वेगाला मर्यादेखाली. विद्यापीठ चौकात पीएमटी अडकली तेवढ्यात मी पेपरचं शीर्षकही ठरवून टाकलं.

माझ्या गाइड मॅडमनी आलेख पाहिला, चहाचा घोट घेतला.

"एल किती घेतलेस?"

"दहा. त्यापुढे फरक पडत नव्हता."

"कुठल्या वेगाला बघितलंस?"

बटू दीर्घिकांच्या. जिथे गणित पटकन सुटतं तिथे.

टक्कर सोडवताना लाटेचे कोनीय संवेगानुसार तुकडे पाडतात. एल म्हणजे त्या तुकड्याचा क्रमांक. किती लागतील? संवेग गुणिले बलाचा पल्ला. ३० किमीला उत्तर येतं अर्धा, हजारला सोळा-सतरा, आणि बलाची शेपटी त्याच्याही पुढे जाते. म्हणजे उजवीकडचा उतार थोडा खरा, बाकीचा दहावरच थांबलेल्या माझ्या प्रोग्रॅममधल्या लूपचा.

एल शंभर केले. दुपारी डबा उघडला तोवर उजवं टोक १ च्या वर गेलेलं. भाजी तशीच राहिली.

मॅडम मात्र खूश. "आता सांग, लांबून चाटून गेलेला कण वळला किती?"

जवळजवळ नाहीच. गाभा सैल व्हायचा तर संवेगाची देवाणघेवाण हवी, आणि मी सगळ्या टकरी एकाच भावाने मोजत होतो. कोनाचं वजन लावलं, तसं उजवं टोक पुन्हा खाली आलं, सकाळच्यापेक्षाही खाली. डावीकडे फारसा फरक नाही. तिथे मुळात एल शून्यचंच राज्य.

या वेळी मी कुणाला दाखवायला धावलो नाही. एल दोनशे केले. वक्र हलला नाही. मग तीनशे करून पाहिले, आणि शेवटची बस चुकली.