गच्चीवरचा एक फुटाचा खड्डा

डोंबिवलीतल्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी माझ्यासमोर तीन कोटेशनं ठेवली. चार मजली इमारत, तीस वर्षं उलटून गेलेली, गच्ची ३,२०० चौरस फूट. पहिला आकडा एक लाख नव्वद हजार, दुसरा साडेचार लाख, तिसरा आठ लाखांच्या वर. "मॅडम, यातला लुटणारा कोण तेवढं सांगा," ते म्हणाले.

लुटणारा कोणीच नव्हता. सोसायटीने तिघांनाही एकच ओळ पाठवली होती: 'टेरेसचे वॉटरप्रूफिंग करून देणे, दहा वर्षांची गॅरंटी.' त्या ओळीत पहिल्याला आहे त्या चायना मोझॅकवर (फुटक्या टाइल्सचे तुकडे बसवलेल्या थरावर) कोटिंगचे दोन हात दिसले. दुसऱ्याला जुन्यावरच नवा ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंटचा जाड थर, दिसला. तिसऱ्याने जुनं सगळं फोडून, राडारोडा खाली नेऊन, स्लॅबपासून नव्याने करायचं असं धरलं होतं. आकड्यांची तुलना करायची तर आधी काम एक हवं, आणि ते कुठे लिहिलेलंच नव्हतं.

कामाची व्याप्ती मी जागेवर उभी राहूनच लिहिते. फार पूर्वी, नोकरीच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी, मी ऑफिसात बसून एका गच्चीचं काम लिहिलं होतं. कोबा फोडायचा हे लिहिलं, पण तो खाली कोणी न्यायचा हे लिहायचं राहिलं. जून उजाडला तरी ढीग गच्चीवरच, पाइपांची तोंडं बुजलेली. त्या पावसाळ्यात वरच्या घरांतल्या लोकांनी जे सोसलं त्याचा दोष माझ्याकडे येतो, आणि तो मी विसरलेले नाही.

म्हणून एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी सात वाजता, ऊन चढायच्या आत, मी गच्चीवर गेले. सोबत माझ्या कामांवर नेहमी असणारे मिस्त्री. टेपने मोजमाप घेतलं: कठड्याची लांबी, टाक्यांखालचे ओटे, पावसाळी पाइपांची सहा तोंडं, सोलर हीटरचे पाय, डिश अँटेना. मग मिस्त्रींना म्हटलं, "मधोमध एक फूट बाय एक फूट उघडा. स्लॅब लागेपर्यंत." सेक्रेटरींना ते आवडलं नाही. गळक्या गच्चीला आणखी भोक कशाला, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता.

साधारण साडेचार इंचांवर छिन्नीचा आवाज बदलला. मिस्त्री थांबले, हाताने भुगा बाजूला केला आणि म्हणाले, "ताई, हा स्लॅब नाही. खाली अजून एक चायना मोझॅक आहे."

मी गुडघ्यांवर बसून पाहिलं. पांढऱ्या-निळ्या टाइल्सचे तुकडे, अगदी शाबूत. कधीतरी कोणीतरी गळक्या कोब्यावर दुसरा कोबा घातला होता. स्लॅब लागला नऊ इंचांवर.

तिथेच कठड्यावर वही ठेवून हिशेब केला. नऊ इंच जाडीने ३,२०० चौरस फुटांत २,४०० घनफूट, म्हणजे २४ ब्रास माल (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). वजन अंदाजे १२० टन. माणसांच्या वावरासाठी गच्चीवर दर चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरायचा असतो. इथे नुसता कोबाच ४०० किलोच्या वर होता. साडेचार लाखांचं कोटेशन मंजूर झालं असतं तर याच स्लॅबवर तिसरा थर बसला असता. सेक्रेटरी शिक्षक होते. त्यांनी आकडे दोनदा पडताळून पाहिले आणि खाली बसले. तीस वर्षांपुढच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर तीन वर्षांनी करायचं, असं गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींतच आहे. इथे ते एकदाही झालं नव्हतं.

दुपारभर सोसायटीच्या ऑफिसात बसून मी लिहीत राहिले, मराठीत, कारण हा कागद मिस्त्रींनाही वाचता यायला हवा होता. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरची तपासणी, त्यानंतरच फोडकाम. दोन्ही थर काढायचे, छिन्नी-हातोड्याने, मशीनचा ब्रेकर लावायचा नाही. स्लॅबवर ढीग करायचा नाही, माल गोणीत भरून त्याच दिवशी खाली, लिफ्ट वापरायची नाही. फोडकामाचे पैसे ठोक नाहीत, ब्रासवर, आणि मोजमाप फोडण्याआधी दोघांनी मिळून घ्यायचं. फुटलेला माल फुगतो, त्यामुळे ट्रकच्या खेपा मोजून बिल द्यायचं नाही. नव्या कोब्याला उतार शंभराला एक. कठड्याच्या कडेने वाटा, म्हणजे कोपऱ्यातली गोलाई, आतल्या बाजूला एक फूट उंचीपर्यंत. पाणी आणि वीज सोसायटीची. अँटेना आणि सोलर हीटर काढून परत बसवणं ठेकेदाराकडे. शेवटी पाणी कोंडून ७२ तास ठेवायचं, दोघांच्या सह्यांनी, आणि ती सही झाल्याशिवाय अखेरचं बिल नाही.

मग 'या कामात काय नाही' हा भाग. तिथे पहिलीच ओळ लिहिली: घरांच्या आतल्या छताचा गिलावा व रंग. हे मी नेहमीच लिहिते; न लिहिलेल्या गोष्टीवरून जेवढी भांडणं होतात तेवढी दरावरूनही होत नाहीत.

संध्याकाळी कमिटीपुढे कागद मोठ्याने वाचला. त्या ओळीपाशी चौथ्या मजल्यावरच्या आजींनी थांबवलं. "मग आमचं छत कोण करणार गं? दोन पावसाळे बादली लावून झोपतेय मी." कमिटीतलं कोणी काही बोललं नाही. मी मिस्त्रींना घेऊन आजींच्या घरी गेले. पलंगाच्या बरोबर वर पोपडे सुटले होते आणि एका जागी गंजलेली सळई उघडी पडली होती. वर एकशेवीस टनांचे हिशेब मांडले, आणि त्याच स्लॅबची खालची बाजू मी दिवसभरात पाहिलीच नव्हती.

वरच्या चारही घरांतलं खराब छत मोजलं. ६४० चौरस फूट. खाली येऊन 'काय नाही' मधली पहिली ओळ खोडली आणि 'काय आहे' मध्ये घातली: सैल गिलावा काढणे, सळई घासून गंजरोधक लावणे, पॉलिमर मॉर्टरने भरणे, दोन हात रंग, गच्चीची ७२ तासांची चाचणी पार पडल्यावर व छत सुकल्यावर. सेक्रेटरींनी शेजारी सही केली. तिन्ही ठेकेदारांना तो कागद दुसऱ्या दिवशी सकाळी गेला.