शेऱ्याचा रकाना

रोहिणी लागून दोनच दिवस झाले होते. आदल्या संध्याकाळी वीस-पंचवीस मिनिटं वावधन, म्हणजे वादळी वारं, सुटलं. सकाळी सातला मी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक चोपडा तालुक्यातल्या तापीकाठच्या एका शिवारात केळीच्या पंचनाम्याला उभे. कागदोपत्री आता आम्ही ग्राम महसूल अधिकारी झालोत, गावाला मात्र अजून तलाठी आप्पाच.

पहिला मोठा पंचनामा केला तो २०१४ च्या गारपिटीचा. तेव्हा नोकरीत नवा होतो, वाटलं असं दहा वर्षांतून एकदा होत असेल. आता बॅगेत कोरे फॉर्म कायमच असतात. मार्चमध्ये गारा, एप्रिलमध्ये उन्हाने सटकलेले घड, मेअखेर वादळ. दोन पंचनाम्यांच्या मध्ये पहिल्याचे पैसे पडले तरी नशीब.

केळीचं खोड म्हणजे लाकूड नव्हे. एकात एक गुंडाळलेले पानांचे देठ आणि त्यात पाणी. निसवलेल्या झाडाला वीस-पंचवीस किलोचा घड लटकलेला असतो. वारा घुसला की ते कमरेत मोडतं. त्या सकाळी मोडल्या जागेतून अजून चीक गळत होता. त्याचा डाग कपड्यावरून जात नाही. माझे दोन शर्ट त्यातच गेलेत.

नियम असा की ३३ टक्क्यांच्या वर नुकसान असेल तरच मदत. म्हणून ओळी मोजायच्या, आडवी किती, उभी किती. उभ्यातल्या कित्येकांची पानं फाटून चिंध्या झालेली असतात, त्यांचा घड आता भरणार नाही हे आम्हा तिघांनाही दिसतं. पण उभं ते उभं. मला हे कधीच पटलेलं नाही.

एका बागेत आमच्या आधीच कोणीतरी मोजणी करून ठेवली होती. दर ओळीच्या तोंडाशी वाळल्या पानाची गाठ, जितकी झाडं पडली तितक्या गाठी. पन्नाशीची बाई, पदर कमरेला खोचलेला. दीड एकर, अडीच हजारांच्या आसपास खोडं. आम्ही पाच ओळी तपासल्या, एका झाडाचाही फरक निघाला नाही.

मी सातबारा काढला. नाव एका गृहस्थांचं, राहायला सुरतेला. बाई निमबटाईने कसते. खर्च निम्मा, माल निम्मा, राबणं सगळं हिचं. रोपांचे पैसे हिने बचत गटातून उचललेले.

मी विचारलं, "बाई, काही लेखी आहे का?"

"वावर मनं नई आप्पा," ती म्हणाली, "पन केळी मन्या सेतस." शेत माझं नाही, पण केळी माझ्या आहेत.

लेखी नसतंच. १९४८ चा कुळकायदा कसणाऱ्याला जमीन मिळावी म्हणून आला, आणि त्याच कायद्याच्या धाकाने आज कोणी मालक बटाई कागदावर येऊ देत नाही. ई-पीक पाहणी, म्हणजे पिकाची मोबाइलवरची नोंद, तीही मालकाच्या खात्यावर. विमा काढायचा तर नोंदणी केलेला भाडेकरार हवा. वादळानंतर ७२ तासांत विमा कंपनीला कळवायचं तेही ज्याच्या नावावर विमा आहे त्यानेच. वाऱ्याने झाडं हिची पाडली, पैसे पडणार सुरतेच्या खात्यात.

फॉर्मच्या शेवटी शेऱ्याचा रकाना असतो. तिथे मी लिहायला घेतलं, 'पीक प्रत्यक्षात बटाईदार...' आणि पुढे तिचं नाव. त्याने मदत तिच्याकडे वळली असती असं नाही. पण कुठेतरी नोंद राहिली असती, उद्या कोणी विचारलं तर दाखवायला.

मालकांना फोन लावला. माणूस वाईट बोलला नाही. म्हणाले, "तलाठी साहेब, तिला मी देईन काय ते. कागदावर कशाला?"

बाई शेजारीच उभी होती, तिने ऐकलं. फोन ठेवल्यावर म्हणाली, "आप्पा, मनं नाव नका लिखू. पुढला आखाजीले वावर काढी लेई. मंग मी काय खासू?"

कृषी सहायक माझ्याकडे बघत होता, ग्रामसेवक मोबाइलमध्ये. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचं साल ठरतं, बटाईची वावरंही बदलतात. एका शेऱ्याने हिचं वर्ष जाणार, आणि ते भरून द्यायला माझ्या हातात दुसरा रकाना नाही. मी ओळ खोडली, खोडल्या जागी सही केली. खाडाखोड केली की सही करावी लागते.

बांधावर दोन पावरा आदिवासी पोरं बसली होती, सातपुड्यातून केळी कापायला आलेली. मजुरी घडांच्या हिशोबाने, आणि आता कापण्याजोगं उभं काही नव्हतं. त्यांच्यासाठी तर शेराही नाही.

निघताना बाईने एकच काम सांगितलं. वेफरवाल्याला फोन लावून द्या. तिचा तो उचलत नाही, साहेबाचा उचलेल. मी लावला. कच्च्या केळीला त्याने बाजाराच्या पावपट भाव सांगितला. दुसऱ्या दिवशी घड काळे पडले की तोही मिळणार नव्हता. तिने मान हलवली.

रात्री आठला परतताना टेम्पो बागेशी उभा दिसला. मोबाइलच्या उजेडात ती पावरा पोरं आडव्या झाडांचे घड कापून वर देत होती आणि बाई टेम्पोच्या फाळक्याशी उभी राहून पुन्हा गाठी मारत होती, दर घडाला एक.