कबरीला घर शोधताना

आमच्याकडे शेळी अर्धेलीने देतात. शेळी एकाची, चराई-राखण दुसऱ्याची, पिल्लं झाली की दोघांत वाटून. त्यामुळे ‘मांजर सांभाळायला द्यायची आहे, ती शेल्टरचीच राहील, औषधपाणी आमचं’ असं मी गावात सांगितलं की समोरचा विचारायचाच, ‘मंग आमच्या वाट्याले काय येते?’ प्रश्न रास्त होता. ती मांजर म्हणजे कबरी. तिचं ऑपरेशन झालेलं, पिल्लं होणार नव्हती. उंदीर धरण्याइतका जोर अंगात नव्हता. आणि ती बरी होणार नव्हती.

मी हिंगणघाट तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, रविवारी वर्ध्याजवळच्या एका शेल्टरमध्ये जाते. कबरी एका जिनिंगच्या आवारात सापडली होती. दातांवरून डॉक्टरांनी वय आठ-नऊ वर्षं धरलं. पाण्याच्या भांड्यापासून ती हलायचीच नाही. उन्हाळ्याचे दिवस, म्हणून आम्ही तिकडे लक्ष दिलं नाही. पण ती वाळत चालली, तोंडाला वास यायला लागला. तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यायला सांगितलं. एसटीने, टोपलीत घालून, वर ओलं फडकं टाकून नेली. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट गाळत नसली की रक्तात साचतं ते, ३.४ निघालं. किडनीच्या जुनाट आजाराचे चार टप्पे धरतात, त्यातला हा तिसरा.

किडनी कामातून गेली की लघवी घट्ट करणं तिला जमत नाही. प्यालेलं पाणी बहुतेक तसंच निघून जातं, अंग कोरडं पडतं, मळमळतं, खाणं सुटतं. म्हणून कबरीला दिवसाआड १०० मिली सलाईन कातडीखाली द्यायचं ठरलं, आणि खाण्यात फॉस्फरस कमी. शेल्टरमध्ये हे निभत नव्हतं. चाळीस मांजरांत कोण किती प्यालं, कोणी खाल्लं नाही, हे कसं कळणार? धाकट्यांच्या गडबडीत ती कपाटाखाली बसून राहायची. माझ्या घरी सासूबाईंना दमा आहे, तिथे मांजर नेता येत नाही. ती खंत अजून जात नाही.

पहिलं घर मिळालं ते नवव्या दिवशी सुटलं. चूक माझी होती. घर मिळावं या घाईत मी ‘थोडी काळजी घ्यावी लागते’ एवढंच बोलले. ती किती वेळा लघवी करते ते सांगितलं नाही, दूध आणि सुकट देऊ नका हेही नाही. त्या बिचाऱ्यांनी मायेने रोज बाजारातले झिंगे खाऊ घातले. तिला उलट्या सुरू झाल्या, दोन गाद्या खराब झाल्या. टोपली परत देताना त्या घरच्या वहिनी रडत होत्या, आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

मग मी एक पान हाताने लिहिलं. ही मांजर बरी होणार नाही. काही महिने जगेल, कदाचित वर्ष-दीड वर्ष. लघवी खूप करेल, राखेचं घमेलं दोनदा बदलावं लागेल. सुई टोचावी लागेल, ती आम्ही शिकवू. तापाची माणसांची गोळी हिला कधीही देऊ नका, पॅरासिटामॉलच्या एका गोळीनेही मांजर दगावू शकते. औषधं, सलाईन, नागपूरच्या फेऱ्या आमच्याकडे. जमलं नाही तर कधीही परत करा, कारण विचारणार नाही. हे पान किराणा दुकानाच्या दारावर लावलं. पाच आठवडे कोणी फिरकलं नाही.

मग सातवीतल्या माझ्या एका विद्यार्थिनीने ते तिच्या आजोबांना वाचून दाखवलं. मधल्या सुट्टीत आबाजी शाळेत आले, दुपट्ट्याने घाम पुसत. मागच्या पोळ्यानंतर त्यांनी बैलजोडी विकली होती. म्हणाले, ‘मॅडम, बैल गेले तवापासून कोठा सुना पडला. सकाई चारले उठतो मी अजूनही. उठून करू काय?’

शेल्टरमध्ये त्यांनी आधी कबरीच्या मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच बसली नाही, तशीच उभी राहिली. ‘आंगात पाणी नाही हिच्या,’ ते म्हणाले. ‘बैलाले ऊन लागलं का आमी असंच पाह्यतो.’ हेच मला नागपूरच्या डॉक्टरांनी शिकवलं होतं.

सुईची भीती त्यांना नव्हती, ते घाबरले फुगोट्याला. सलाईन गेलं की खांद्यावर लिंबाएवढा फुगोटा येतो, हळूहळू पायाकडे उतरतो आणि काही तासांत जिरतो. पहिल्या रात्री साडेदहाला फोन आला, ‘मॅडम, पायात पाणी उतरलं हो!’ मी समजावलं, तरी ते सकाळपर्यंत तिच्याजवळ बसून होते.

आता बाटली कोठ्यात वाशाला टांगतात, जिथून बैलांच्या घंटा लोंबायच्या. मांडीवर पोतं, पोत्यावर कबरी. दरवेळी नवी सुई. मे महिन्यात टिनाखाली बाटल्याच तापायच्या, म्हणून त्यांनी त्या माठाशेजारी सावलीत ठेवल्या. पाण्याची तीन भांडी तीन जागी, त्यातलं एक बैलांच्या जुन्या गव्हाणीत. नागपूरहून किडनीचं खाणं येईस्तोवर उकडलेल्या अंड्याचा पांढरा बलक आणि भात. पिवळा बलक नात खाते.

त्यांनी मला ‘किती दिवस?’ असं एकदाही विचारलं नाही. एकदाच म्हणाले, बैल विकताना त्यांच्या तोंडाकडे पाहवलं नव्हतं, हिला विकायचं नाही एवढं बरं आहे.

नात वही ठेवते. तारीख, किती वाट्या पाणी, काय खाल्लं, सुई डावीकडे की उजवीकडे. परवाचं पान तिने मोबाईलवर पाठवलं: ‘आज डावीकडे. अर्धा पांढरा बलक खाल्ला. आबाजी म्हणते वजन वाढलं, मला नाही वाटत.’

रविवारी वजनकाटा घेऊन जाते आहे. सलाईनच्या सहा बाटल्याही.