डुव्हालची ग्रिप आणि माझी पाठ : सहाव्या महिन्याची नोंद

आज सकाळी साडेसहाला रेंज, म्हणजे गोल्फचं सराव-मैदान. ७ नंबरच्या आयर्न क्लबने ५० चेंडू. त्यांतले ९ डावीकडे वळले, ४ उजवीकडे निसटले, बाकीचे ३७ सरळ म्हणता येतील असे. दिवाळीच्या आठवड्यात डावीकडचा आकडा २१ होता. आज वहीत ९ लिहिताना फार बरं वाटलं.

या वहीच्या पुढच्या पानांवर माझे आकडे आहेत आणि मागच्या पानांवर अमेरिकन गोल्फपटू डेव्हिड डुव्हालचे. रेंजवर मैत्रीण म्हणाली, "अगं, बघायचंच तर टायगरचा स्विंग बघ, रोरीचा बघ. हा मध्येच संपलेला माणूस कशाला?" खरं उत्तर असं की त्याची ग्रिप, म्हणजे क्लब धरायची पद्धत, माझ्या ग्रिपसारखी आहे. वरून पाहिलं तर डाव्या मुठीचे तीन सांधे दिसतात. पुस्तकी भाषेत ही 'स्ट्राँग' ग्रिप. पहिल्या दिवसापासून प्रत्येक जण मला ती बदलायला सांगतो. आणि हा माणूस तीच ग्रिप घेऊन जगात पहिल्या क्रमांकावर गेला होता. मग नंतर काय झालं, हे मला माझ्यासाठीच समजून घ्यायचं होतं.

ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. डुव्हाल फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलचा. पीजीए टूर या अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक स्पर्धामालिकेत पहिला विजय मिळण्याआधी तो सात वेळा दुसरा आला होता. ऑक्टोबर १९९७ मध्ये पहिला विजय मिळाला आणि लागलीच पुढच्या दोन स्पर्धाही त्यानेच जिंकल्या. तिथपासून एप्रिल १९९९ पर्यंत ३४ स्पर्धांत ११ विजय. टायगर वुड्स ऐन उमेदीत असतानाचे हे आकडे आहेत. जानेवारी १९९९ मध्ये हवाईत कापालुआला तो ९ शॉट्सनी जिंकला. त्याच महिन्यात कॅलिफोर्नियात, बॉब होप स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी, आघाडीवरच्या खेळाडूपेक्षा ७ शॉट्स मागून सुरुवात करून त्याने ५९ चा राउंड खेळला, म्हणजे १८ होल ५९ फटक्यांत (गोल्फमध्ये फटके जितके कमी तितकं चांगलं). पहिल्या नऊ होलमध्ये ३१, पुढच्या नऊमध्ये २८. अठराव्या पार-५ (पाच फटके अपेक्षित असलेल्या) होलवर दुसरा शॉट ५ नंबरच्या आयर्नने होलपासून सहाएक फुटांवर, आणि ईगल, म्हणजे अपेक्षेपेक्षा दोन फटके कमी. शेवटच्या राउंडमध्ये ५९ करणारा तो टूरवरचा पहिलाच. ते पुटिंग मी किती वेळा पाहिलं असेल, मोजलेलं नाही. चेंडू होलमध्ये गेल्यावर एरवी गॉगलआड चेहरा लपवणारा हा माणूस मूठ हवेत उगारतो, तेव्हा अजूनही माझ्या अंगावर काटा येतो.

मार्चमध्ये तो प्लेयर्स चॅम्पियनशिप जिंकला. त्याच दिवशी त्याचे वडील, बॉब डुव्हाल, पन्नाशीपुढच्या खेळाडूंच्या सीनियर टूरवरची आपली पहिली स्पर्धा जिंकले. बापलेक एकाच रविवारी. आणि त्याच विजयाने डेव्हिड टायगरला मागे टाकून पहिल्या क्रमांकावर आला.

आता वहीच्या मागच्या पानांकडे. सगळीकडे सांगितली जाणारी गोष्ट अशी : २००१ मध्ये इंग्लंडमधल्या रॉयल लिथमला ओपन (गोल्फच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक) जिंकली, आयुष्यभराचं स्वप्न पूर्ण झालं, मनातली भूक संपली आणि खेळ कोसळला. त्या विजयानंतर आपल्याला पोकळी जाणवली, हे त्याने स्वतःही नंतर सांगितलं आहे. ते मी नाकारत नाही. पण वर्षं एकाखाली एक मांडली की क्रम वेगळा दिसायला लागतो.

विजयांचा रकाना असा : १९९७ मध्ये तीन, १९९८ मध्ये चार, १९९९ मध्ये चार, २००० मध्ये एक, २००१ मध्ये एक. त्यानंतर पीजीए टूरवर शून्य. १९९९ चे चारही विजय एप्रिलपर्यंतचे आहेत. पुढचा विजय थेट ऑक्टोबर २००० मध्ये. म्हणजे घसरण ओपननंतर नाही, ओपनच्या दोन वर्षं आधीच सुरू झाली, असं मी जानेवारीत मोठ्या उत्साहात वहीत लिहून ठेवलं होतं.

ते वाक्य मला पुढच्याच आठवड्यात खोडावं लागलं. नुसते विजय मोजणं हे फार ढोबळ माप आहे. ऑगस्टाच्या मास्टर्स या दुसऱ्या मोठ्या स्पर्धेत तो १९९८ ला दुसरा, १९९९ ला सहावा, २००० ला तिसरा, २००१ ला पुन्हा दुसरा. याला घसरण म्हणत नाहीत. खेळ तसाच भक्कम होता, जिंकणं फक्त थोडं विरळ झालं होतं. पण २००० मध्ये आणखी एक गोष्ट घडली आणि ती मी वहीत लाल शाईने लिहिली आहे : पाठ दुखावली. ओपन जिंकली ती त्याच्या पुढच्या वर्षी. आणि ओपननंतर, नोव्हेंबर २००१ मध्ये, तो जपानला जाऊन डनलॉप फीनिक्स स्पर्धाही जिंकला. भूक जुलैतच मेली असती तर नोव्हेंबरमध्ये बरोबरी फोडणाऱ्या प्ले-ऑफपर्यंत कोण झुंजेल?

पाठीचं एवढं महत्त्व का, हे मला माझ्याच शरीराने शिकवलं.

जानेवारीत मी सगळ्यांचं ऐकून ग्रिप बदलली. डावा हात सरकवून दोनच सांधे दिसतील असा धरला. चेंडूंच्या पहिल्या बकेटमध्ये हुक, म्हणजे डावीकडे वळणारा फटका, जवळजवळ गायब, पण २३ चेंडू उजवीकडे, तेही असे की शेजारच्या मॅटवरच्या काकांनी स्टूल मागे घेतलं. तीन आठवडे तेच चाललं. अठरा होलचा राउंड ९७ वरून १०४ वर गेला. तेव्हा कुठे लक्षात आलं की ग्रिप हा स्विंगचा सुटा भाग नाही. ती आणि कमरेची फिरकी ही जोडी आहे.

स्ट्राँग ग्रिपमध्ये क्लबचं तोंड आपसूक मिटतं, म्हणजे डावीकडे वळतं. ते चेंडूवर सरळ यायला हवं असेल तर शरीराने हातांच्या पुढे धावावं लागतं : कंबर आणि छाती लक्ष्याकडे उघडलेली, हात मागून ओढल्यासारखे येणारे. डुव्हालचा स्विंग हळू करून पाहा. चेंडूला क्लब लागण्याआधीच त्याचं डोकं लक्ष्याकडे वळायला लागलेलं असतं. स्वीडनची गोल्फपटू अॅनिका सोरेनस्टॅमचंही तसंच. आपल्याला सगळे ओरडतात, "डोकं खाली ठेव!" डुव्हालने तसं केलं असतं तर छाती अडली असती आणि प्रत्येक चेंडू डावीकडच्या झाडांत गेला असता. त्याची ग्रिप, त्याचं वळणारं डोकं आणि त्याच्या कमरेचा वेग, या तिघांचा हिशेब एकमेकांशी जुळलेला होता.

आता यातली कंबर काढून घ्या. पाठ दुखतेय म्हणून फिरकी जरा कमी झाली तर हात पुढे पळतात, तोंड मिटतं, चेंडू डावीकडे. दोनचार वेळा डावीकडे गेला की पुढच्या शॉटला मनच तोंड उघडं धरायला लावतं आणि चेंडू उजवीकडे. एकाच बाजूला चुकणारा खेळाडू लक्ष्य थोडं सरकवून भागवतो. दोन्ही बाजूंना चुकणाऱ्याने टी-वर (होलच्या पहिल्या फटक्याच्या जागी) उभं राहून कुठे बघायचं? माझ्या मते डुव्हालचा आत्मविश्वास असाच गेला असणार : आधी शरीर, मग त्याला सांभाळून घेणारा बदललेला स्विंग, मग भीती. मन शेवटी आलं. हा माझा निष्कर्ष आहे, पण वर्षांचा क्रम त्याच्या बाजूने आहे.

पुढचे आकडे वाचवत नाहीत. कमाईच्या यादीत २००२ मध्ये ८० वा, २००३ मध्ये २११ वा. पाठीबरोबर खांदा, मनगट, आणि त्यात चक्कर येण्याचा आजार. गोल्फमध्ये स्थिर चेंडूकडे मान खाली घालून उभं राहायचं असतं, त्यात चक्कर म्हणजे काय होत असेल? काही महिने विश्रांती घेऊन तो २००४ च्या यूएस ओपनला उतरला आणि ८३, ८२ करून बाहेर पडला. पाच वर्षांपूर्वी ५९ करणारा माणूस. त्या दोन दिवसांत तो शेवटच्या होलपर्यंत खेळला, मध्येच सोडून गेला नाही, याचं मला सगळ्यात जास्त कौतुक वाटतं.

ऑस्ट्रेलियन गोल्फपटू इअन बेकर-फिंचची गोष्ट यापेक्षा वेगळी आहे, म्हणून थोडक्यात. १९९१ ची ओपन जिंकल्यावर त्याने जास्त लांब मारायच्या मागे लागून चाललेला स्विंग मोडला आणि १९९७ मध्ये ट्रूनला ओपनच्या पहिल्याच राउंडमध्ये ९२ करून थांबला. त्याने बदल स्वतः निवडला होता. डुव्हालच्या बाबतीत बदल आधी पाठीने केला. जानेवारीतल्या त्या तीन आठवड्यांत मी बेकर-फिंचच्या वाटेवर होते, असं आता वाटतं.

फेब्रुवारीत मी जुनी ग्रिप परत घेतली. आमच्या कोर्सवरचे कॅडी दादा माझ्याबरोबर बरीच वर्षं फिरताहेत. चौथ्या टी-वर ते म्हणाले, "ताई, हात तेच आहेत तुमचे. पण कंबर आधी वळायची तशी आता वळत नाही." मी इतके महिने व्हिडिओ बघून जिथे पोहोचले, तिथे ते दोन शॉट्स बघून पोहोचले होते. त्याच आठवड्यात फिजिओकडे गेले. डाव्या खुब्याची आतली फिरकी उजव्यापेक्षा स्पष्ट कमी निघाली. दिवसभर खुर्चीत बसून काम केल्याचा परिणाम. खुबा वळत नाही म्हणून कमरेचे मणके जास्त वळायला जातात आणि रविवारच्या राउंडनंतर सोमवारी वाकता येत नाही. हुकचा माझा सगळा हिशेब तिथेच अडला होता, आणि मी तो ग्रिपमध्ये शोधत होते.

तेव्हापासून रोज सकाळी १५ मिनिटं : जमिनीवर बसून दोन्ही गुडघे ९० अंशात ठेवून एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला; मग पाठीवर झोपून कंबर वर उचलायची (पूल); मग भिंतीला टेकून अर्धा स्विंग. रेंजवर आठवड्यातून दोनदाच, आणि दुखत असेल तर अजिबात नाही. दुखत असताना मारलेले चेंडू शरीराला चुकीची सवय लावतात, हे डुव्हालच्या पानांवरून उचललेलं. मार्चमध्ये डावीकडचे चेंडू १४ वर आले, आज ९. गेल्या रविवारी राउंड ९४ चा झाला. ग्रिपला हात लावलेला नाही.

एक पान मी मुद्दाम शेवटी वाचते. जून २००९, न्यूयॉर्कजवळचा बेथपेज ब्लॅक, यूएस ओपन. डुव्हाल तेव्हा क्रमवारीत ८८२ वा, पात्रता फेरी खेळून आलेला. पावसाने स्पर्धा सोमवारपर्यंत लांबली. शेवटच्या राउंडच्या तिसऱ्या होलवर चेंडू बंकरच्या, म्हणजे वाळूच्या खड्ड्याच्या, कडेत रुतला आणि ट्रिपल बोगी, म्हणजे अपेक्षेपेक्षा तीन फटके जास्त. तिथे संपायला हवं होतं. पण चौदा, पंधरा, सोळा या तीन होलवर त्याने लागोपाठ बर्डी (अपेक्षेपेक्षा एक फटका कमी) केल्या आणि आघाडीशी बरोबरी साधली. सतराव्यावर पारसाठीचं (अपेक्षित फटक्यांत होल संपवण्यासाठीचं) छोटं पुट होलच्या काठावरून फिरून बाहेर आलं. लुकस ग्लोव्हर दोन शॉट्सनी जिंकला, डुव्हाल मिकेल्सन आणि रिकी बार्न्सबरोबर दुसरा. त्या दिवशीचा त्याचा स्विंग मी ५९ च्या स्विंगशेजारी ठेवून पाहिला. कंबर पूर्वीइतकी बारीक राहिलेली नाही, वय दिसतं, बॅकस्विंग आखूड आहे. पण डाव्या मुठीचे सांधे तेवढेच दिसतात, आणि डोकं तसंच, चेंडू सुटायच्या आधी, लक्ष्याकडे वळतं.

पुढच्या महिन्याचं ठरलंय : ड्रायव्हर बाहेर काढायचा, पण बकेटमागे फक्त १० चेंडू. फिजिओकडे १५ दिवसांनी खुब्याचं माप पुन्हा घेणार आहे. ते आकडे पुढच्या नोंदीत टाकते. तुमच्यापैकी कुणी स्ट्राँग ग्रिप ठेवून खुब्यावर काम केलं असेल तर तुमचे आधीचे-नंतरचे आकडे मला जरूर सांगा. पावसाळ्यात रेंज बंद व्हायच्या आत डावीकडचा आकडा ५ च्या खाली आणायचा आहे.