आमची वाटचाल : इतवारीतल्या काचेपासून इग्वानाच्या पिंजऱ्यापर्यंत

आमचं मूळ दुकान नागपूरच्या इतवारीतलं, काच-आरशाचं. मी कॉलेजात असताना फिश टँक चिकटवायला लागलो, ते बरे चालले, मग २०११ मध्ये एका गिऱ्हाईकाने हिरव्या इग्वानासाठी मोठी पेटी मागितली. बाबा म्हणाले, "सरड्याले घर कोण बांधून मागते बे?" पण मागितलं होतं खरं, आणि पैसेही रोख.

त्या पहिल्याच कामात मी माती खाल्ली. झाकणही काचेचंच केलं आणि यूव्हीबीची (उन्हातल्या अतिनील किरणांची) ट्यूब त्याच्या वर बसवली, दिसायला एकदम शोरूम. सहा महिन्यांनी फोन आला की प्राण्याचा जबडा रबरासारखा नरम पडलाय, मागचे पाय थरथरतात. डॉक्टरांनी सांगितलं की काच यूव्हीबी अडवते, ते अंगावर पडलं नाही की शरीरात व्हिटॅमिन डी३ बनत नाही आणि मग कितीही कॅल्शियम चारा, अंगी लागत नाही. काचवाल्याच्या पोराला काच काय अडवते ते माहीत नाही! बाबा तीन दिवस बोलले नाही. जाळीचं झाकण फुकट बसवून दिलं, औषधाचा अर्धा खर्च मी दिला, प्राणी वाचला. तेव्हापासून वरचा भाग जाळीचाच, गिऱ्हाईक कितीही म्हणो.

बाकी धंदा नागपूरच्या हवेनेच शिकवला. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की हीट बल्ब कशाला, कूलरची हवा थेट पेटीवर येऊ नये एवढंच बघायचं, आणि डिसेंबरच्या रात्री १० अंशावर आलं की थर्मोस्टॅटशिवाय भागत नाही.

आता ज्याच्याबद्दल लोक अजून विचारतात ते. दोन वर्षांपूर्वी मनीष नगरचे एक काका आले, बँकेतून रिटायर, म्हणाले, "हायब्रिड रॉक इग्वाना घेऊन राहिलो, आठ बाय चार फुटाचं घर बनव." ॲडव्हान्स पाच हजार. मी म्हटलं काका, हा प्राणी पन्नास वर्षं जगू शकतो, तुम्ही एकसष्टचे, मृत्युपत्रात कोणाच्या नावावर लिहिणार? ते हसले, पण मला म्हणाले चल ना बाबू ब्रीडरकडे सोबत, तुले समजते.

हे रॉक इग्वाना मूळचे कॅरिबियन बेटांवरचे. ग्रँड केमनचा निळा इग्वाना एक, आणि शेजारच्या लहान केमन बेटांवरचा क्युबन रॉक इग्वानाचा भाऊबंद दुसरा, दोघांची जोडी जमते आणि पिल्लंही पुढे वीण देतात. ग्रँड केमनला संवर्धनासाठी पाळलेल्यांत सुरुवातीला असेच मिश्र निघाले होते, डीएनए टेस्ट करून ते वेगळे काढावे लागले. नुसतं बघून त्यांनाही ओळखता आलं नाही, तर आपण कोण!

ब्रीडर बाहेरगावचा, माणूस गोड बोलणारा. पिल्लू राखाडी, मोबाईलवर बापाचा फोटो मात्र निळाशार. पिल्लात निळा रंग दिसतच नाही, तो वयाने येतो, आणि मोठा प्राणीसुद्धा अंग थंड असलं की मळकटच दिसतो, म्हणून मी म्हटलं आई-बाप दाखवा, दुपारी, उन्हात बसलेले. "ते दुसऱ्या फार्मवर आहे." बरं. मग पिल्लू हातात घेतलं. शेपटीचं बूड भरलेलं, डोळे टवटवीत, जबडा अंगठ्याने हळूच दाबला तर घट्ट (हे तर मी आधी बघतो, कारण वर सांगितलंच). पण दोन बोटांवर जुनी कात अडकून बांगडीसारखी आवळली होती, अशी राहिली की बोट गळून पडतं. काय खाऊ घालता विचारलं तर म्हणे उकडलेलं अंडं, चिकन, "लवकर वाढते". अरे हा झाडपाला खाणारा प्राणी, त्याला जास्वंदीची पानं-फुलं द्या, शेवग्याचा पाला द्या, चिकनने किडन्या जातात.

शेवटी कागद मागितले. तो म्हणे, "हायब्रिड आहे ना भाऊ, त्याले कायदा लागत नाही."

इथे मी उठलो. सगळे रॉक इग्वाना साइट्सच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक यादीत आहेत, आणि मागच्या चार पिढ्यांत कुठेही तसं रक्त असेल तर हायब्रिडही त्यातच धरतात. आपल्याकडे २०२२ ची वन्यजीव कायद्यातली दुरुस्ती आहे, २०२४ च्या नियमांनी सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते, आणि परिशिष्ट १ चं ब्रीडिंग करायचं तर मुख्य वन्यजीव रक्षकांचं लायसन्स. महाराष्ट्राचं ते ऑफिस तर आपल्याच सिव्हिल लाइन्समध्ये, वन भवनात. मी काकांना म्हटलं चला.

परतीच्या गाडीत काका बुटीबोरीपर्यंत एक शब्द बोलले नाही, मग म्हणाले, "डोळे भलते सुंदर होते बे त्याचे." होतेच. मलाही त्या पिल्लाचं वाईट वाटलं, ती बोटं अजून आठवतात.

ॲडव्हान्स परत केला. फ्रेम मात्र कापून झाली होती, ती वर्षभर वर्कशॉपमध्ये अडगळ म्हणून उभी, बाबा जाता-येता टोमणे मारायचे. शेवटी काकांनीच ती नेली, लव्हबर्ड्ससाठी. पुढची काच काढून जाळी लावून दिली, त्याचे पैसे मात्र मी घेतले.