नाताळच्या सुट्टीतले जळगाव

नाताळच्या सुट्टीनिमित्त काल सहकुटुंब जळगावला जाणे झाले. चर्चमधील रोषणाई आणि गव्हाणीचा देखावा मुलांनी डोळे भरून पाहिला; मला मात्र ओढ होती ती भरिताची. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेली इथली हिरवी भरताची वांगी कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजून, साल काढून ठेचली जातात आणि मग हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप व कांद्याची पात घातलेल्या, तेल सुटलेल्या फोडणीत पडतात. काड्यांच्या जाळाचा तो खमंग वास गॅसवरच्या भरिताला येत नाही, असे माझे ठाम मत आहे. सोबत ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी होती. सायंकाळी मेहरूण तलावाकाठी बोरे घेतली. घरासाठी राखून ठेवलेली पुडीही मुलांनी तिथेच संपवली.